डिक्की न उघडता

मी संशयी माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आर्वीत याविषयी वेगळं मत आहे. मी फक्त खात्री करून घेतो. दूधवाला माप घालताना बोट आत बुडवतो का ते पाहतो, पोस्टमनने दिलेलं पाकीट फोडण्याआधी उजेडाकडे धरतो, आणि कोणी विनाकारण नमस्कार केला तर त्याचं काय काम अडलं असेल ते मनातल्या मनात शोधतो. तहसील कार्यालयात सव्वीस वर्षं काढलेल्या अव्वल कारकुनाने याहून कमी केलं तर तो पगार फुकट घेतो असं मी समजतो.

निनावी अर्ज हा माझ्या टेबलाचा खास विषय होता. तालुक्यात कोणाच्या विहिरीला पाणी लागलं की चार दिवसांत त्याच्याविरुद्ध अर्ज यायचा. मी तो आवक नोंदवहीत चढवायचो आणि वर टिपणी लिहायचो, 'अर्ज निनावी आहे. मजकूर संशयास्पद दिसतो. चौकशी व्हावी.' ही तीन वाक्यं माझा हात झोपेतही लिहील. कोणी तोंडी रडगाणं घेऊन आला तर मात्र माझं उत्तर ठरलेलं असे, 'तोंडी तक्रारीची दखल घेता येत नाही. अर्ज द्या.' सवय अशी जडली की हेच वाक्य मी दूधवाल्याला, शेजाऱ्याला आणि घरातही ऐकवू लागलो.

ब्याऐंशी साली मी मोटार घेतली. खरं म्हणजे मला स्कूटर हवी होती. तिच्यासाठी नंबर लावून सहा वर्षं झाली होती आणि आणखी किती लागतील ते सांगायला कोणी तयार नव्हतं. त्याच सुमारास कापसाच्या जिनिंगचे मालक बापूजी आपली विलायती मोटार काढून टाकताहेत असं कळलं. पेट्रोल महाग झाल्यापासून ती त्यांच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांशेजारी उभी होती. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. कंपनी अमेरिकेतली आहे, आणि तिकडचे वकील फार खमके असतात असं ऐकून आहे. बापूजींनी किंमत सांगितली ती स्कूटरएवढीच. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की एवढी स्वस्त का?

तो प्रश्न मोटार पाहिल्यावर कुठे गेला कोण जाणे. निळा रंग, मागे दोन्ही बाजूंना वर उचललेले पंख, आणि आतली गादी आमच्या बैठकीतल्या दिवाणापेक्षा मऊ. मी मागच्या सीटवर बसलो, पाय पसरले, तरी ते पुढच्या सीटला लागले नाहीत. त्या वर्षी नायब तहसीलदारांच्या बढतीच्या यादीत माझं नाव जायचं होतं. त्या सीटवर बसल्याबरोबर मला बढती मिळून गेल्यासारखं वाटलं.

तरीही मी डोळे उघडे ठेवून व्यवहार केला. चारही टायर लाथ मारून पाहिले. नोंदणीचं पुस्तक तीन वेळा वाचलं. दारं उघडून मिटून पाहिली. डिक्की तेवढी उघडेना.

"तिची चाबी ड्रायव्हरपाशी राहे," बापूजी म्हणाले, "अन् ड्रायव्हर गेला देवाघरी."

"मग आत काय आहे?"

"काय राहीन? जॅक राहीन, चिंध्या राहीन."

हे ते माझ्या नजरेला नजर न देता बोलले. त्यांना मोतीबिंदू होता हे मला पुढे कळलं, पण त्या वेळी माझा संशय पक्का झाला. लोखंडी पत्रा कापून डिक्की उघडायची तर मोटारीचं रूप जाणार, आणि ते रूप तर माझ्या डोळ्यांत भरलं होतं. मग मी पावतीवर स्वतःच्या हातानं एक ओळ जादा लिहिली, 'डिक्की न उघडता ताब्यात घेतली.' म्हणजे उद्या आत काही सापडलं तर माझ्यावर येणार नाही. सरकारी नोकरानं मोटार घेतली की वर कळवावं लागतं. ते मी तीन प्रतींत कळवलं. चाबीसाठी बापूजींना एक पत्र आणि दोन स्मरणपत्रंही पाठवली. त्यांचं घर माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच आहे, पण कागदाला कागद असलेला बरा.

मोटार गल्लीत आली त्या दिवशी शेजारचे बबनराव बाहेर येऊन उभे राहिले. बबनराव आर्वी डेपोतून रिटायर झालेले एसटीचे ड्रायव्हर. जगातली कुठलीही गाडी ते एसटीशी ताडून पाहतात आणि नापास करतात. त्यांनी मोटारीला एक पूर्ण फेरी घातली.

"भाऊसाहेब, हे आपल्या गल्लीत वळन नाई," ते म्हणाले.

"वळवायची गरजच काय? सरळ आणायची, उलटी न्यायची."

"अन् माह्या दारासमोर हिचं शेपूट आलं त्याचं काय? मी घरात कोठून जाऊ?"

"तोंडी तक्रारीची दखल घेता येत नाही, बबनराव. अर्ज द्या," मी हसत म्हणालो. ते हसले नाहीत. हे मी लक्षात ठेवलं.

त्यांच्या पत्नी लीलाबाई जास्त व्यवहारी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बॉनेटवर जुनं लुगडं अंथरून मुंगवड्या वाळत घातल्या. विलायती पत्रा लवकर तापतो म्हणे. माझ्या मानाच्या मोटारीवर मुंगवड्या! पण बोलणार कोणत्या तोंडानं? मोटार उन्हात उभीच होती, कारण ती चालू होत नव्हती.

ती चालू करण्यासाठी दर रविवारी मला तळेगावला जावं लागे. हमरस्त्यावर रूपराव नावाचे मिस्त्री होते. ट्रक, ट्रॅक्टर, काहीही उघडून बसायची त्यांना हौस. सकाळी गल्लीतल्या चार जणांनी ढकलून दिली की गाडी घरघरायची आणि मी निघायचो. दर तीन-चार किलोमीटरला समोरून वाफ निघायची. मग थांबायचं, कोणाच्या तरी मळ्यात जाऊन बादलीभर पाणी मागायचं, ते ओतायचं, पुन्हा निघायचं. वाटेवरची कुत्रीही मला ओळखू लागली होती.

"साहेब, गाडी पानी पिऊन राह्यली," रूपराव दर रविवारी सांगायचे.

"ते मलाही दिसतं. का पिते?"

"थेच तं पाहाचं हाये. पुढच्या रविवारी आना."

दिवसभर ते बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचे आणि मी त्यांच्या हातांवर नजर ठेवून बसायचो. माझे चांगले स्पेअर पार्ट काढून ते ट्रकला लावतील अशी मला शंका होती. माझ्या मोटारीचा पार्ट त्या ट्रकला लागूच शकत नाही हे त्यांनी मला दोनदा समजावलं, पण एवढ्या आग्रहानं समजावल्यामुळेच मला ते पटलं नाही. दिवस मावळता मी परत यायचो.

आणि डिक्की वाजायची. रस्त्यात खड्डा आला की मागून किणकिण ऐकू यायची. काचेचा आवाज. एकदा मी घरच्या मंडळींना, म्हणजे कोकिळाला, हौसेनं नाक्यापर्यंत फिरवून आणलं, तेव्हा तिनं मान वळवून मागे पाहिलं.

"बाटल्या हायेत आत," ती म्हणाली.

"जॅक आहे."

"जॅक असा वाजते का?"

बाटल्या म्हटल्यावर मी मोटारीच्या काचा वर केल्या. आमचा वर्धा जिल्हा म्हणजे सेवाग्राम-पवनारचा जिल्हा. सरकारनं इथे पूर्ण दारूबंदी केलेली. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, तिथे दुकानं उघडी. तळेगावच्या हमरस्त्यानं पश्चिमेला गेलं की थोड्याच वेळात तो मुलूख लागतो. त्यामुळे मोठी डिक्की असलेली कुठलीही गाडी त्या बाजूनं आली की आमच्या तालुक्यात लोक तिच्या मागच्या चाकांकडे आधी पाहतात, किती दबली आहेत ते. आणि माझ्या मोटारीची डिक्की एवढी की तिच्यात एक वऱ्हाड बसावं.

कोकिळा मग जेव्हातेव्हा म्हणू लागली, "विकून टाका हे धूड." मी बहुतेक वेळा 'पाहू' म्हणायचो. ऑफिसात 'पाहू' म्हटलं की माणूस उठून जातो. घरातलं माणूसही उठून स्वयंपाकघरात जायचं.

मार्च महिन्यात तो अर्ज आला.

टपालात बाकीच्या कागदांबरोबर आला, मी नेहमीसारखा फोडला, सवयीनं नोंदवहीत चढवला आणि मग वाचला. अक्षर वळणदार, शाई निळी, कागद आखीव सरकारी ताव. मजकूर असा होता:

'अर्ज करण्यात येतो की, आपल्या कार्यालयातील अव्वल कारकून यांनी लांबलचक मोटार घेतली आहे. तिची डिक्की कधी उघडत नाही. डिक्कीत बाटल्या वाजतात. सदर इसम दर रविवारी सकाळी तळेगावला जातो व दिवस मावळता येतो. सदर इसम दर रविवारी घरी नसतो. तरी चौकशी व्हावी. — एक हितचिंतक.'

माझे कान तापले. सव्वीस वर्षांत मी कोणाचा चहासुद्धा फुकट घेतला नव्हता. तो कागद फाडून टाकायला मला दोन सेकंद लागले असते. नोंदवहीत 'कोरा कागद' असं लिहिता आलं असतं. पण जो माणूस दुसऱ्याचा कागद फाडत नाही, त्यानं स्वतःचा फाडला तर मग राहिलं काय? मी छाती पुढे काढून टिपणी लिहिली. 'अर्ज निनावी आहे. मजकूर संशयास्पद दिसतो. चौकशी व्हावी.' खाली सही केली आणि कागद तहसीलदार साहेबांच्या पुढे ठेवला.

साहेब पुण्याकडचे, नवीनच आलेले. त्यांनी कागद वाचला, मग मला वाचलं.

"लक्ष्मणराव, हा अव्वल कारकून म्हणजे तुम्हीच ना?"

"होय साहेब."

"आणि चौकशी व्हावी असं लिहिणारेही तुम्हीच?"

"होय साहेब."

"हा कागद माझ्यापर्यंत आणायची गरज होती का?"

"आवक नोंदवहीत चढला आहे साहेब."

"कोणी चढवला?"

"मीच."

साहेबांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मला वाटलं होतं, ते माझा प्रामाणिकपणा पाहून खुर्चीतून उठतील. ते उठले नाहीत. निर्दोष माणूस एवढं करत नाही, यात काहीतरी डाव आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

"महिनाअखेर बढतीची यादी वर्ध्याला जायची आहे," ते म्हणाले. "चौकशी चालू असलेल्याचं नाव मला पाठवता येत नाही. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत कसं नसेल? ते परिपत्रक मीच फाइलला लावलं होतं.

आता हितचिंतक शोधणं आलं. सव्वीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो, या सहीमागे हितचिंतक कधीच नसतो. पहिला संशय अर्थातच बबनरावांवर. शेपटाचं दुखणं त्यांचं होतं. मी त्यांच्याकडे गेलो आणि सहज म्हणून तळेगावला जाणाऱ्या एसटीच्या वेळा कागदावर लिहून मागितल्या. त्यांनी लिहून दिल्या. 'सकाळी'तला 'स' थेट जुळत होता! मग खात्रीसाठी लीलाबाईंकडून मुंगवड्यांची कृती लिहून आणली. 'डाळ'मधला 'ड' आणि 'डिक्की'तला 'ड' सख्खे भाऊ वाटले. रूपरावांचं बिल तपासलं, पण ते अंगठ्यानंच काम भागवत. ऑफिसातले दोघे-तिघे सरकारी तावामुळे माझ्या यादीत आले, कारण सरकारी कागद घरी नेणारा माणूस कुठल्याही थराला जाऊ शकतो असं माझं ठाम मत होतं. रात्रंदिवस मी तो अर्ज, फाइलला रीतसर पोच लावून, खिशात बाळगायचो आणि एकेक अक्षराचं वळण न्याहाळायचो. चाळीसेक वेळा तरी वाचला असेल.

बबनरावांशी मी बोलणं टाकलं. त्यांनी एकदा विचारलं, "काऊन भाऊसाहेब, रागावले काय?" मी मान वळवली. ते आपल्या दारात मोटारीच्या शेपटाला वळसा घालून गेले आणि दार लावून घेतलं. त्या वेळी मला बरं वाटलं होतं.

चौकशीचा दिवस उजाडला. दारूबंदीचे जमादार हरिदास दोन शिपाई घेऊन आले. मोटार ढकलत तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली आणली. डिक्की उघडायला तळेगावहून रूपरावांना बोलावलं होतं. पंचनाम्यासाठी पंच हवे म्हटल्याबरोबर आर्वीतले तीसेक प्रतिष्ठित नागरिक पुढे सरसावले. एरवी आमच्याकडे पंच व्हायला कोणी तयार नसतं, त्यांना चहा पाजून आणावं लागतं. पण आज आत बाटल्या आहेत असं गावभर झालं होतं. शेवटी दोन निवडले. त्यांतले एक बबनराव. बरोबर आहे, मी मनात म्हटलं, आपण लावलेल्या आगीचा उजेड पाहायला आले.

रूपरावांनी पहार घातली. करकर आवाज झाला आणि डिक्की उघडली.

लाकडी खोक्यात बारा बाटल्या होत्या. काळपट काच, सोनेरी अक्षरं, एकीवर मुकुट, एकीवर कोणी दाढीवाला. सगळ्या भरलेल्या. खोक्याशेजारी डिक्कीची चाबी पडलेली होती. मी निंबाच्या पारावर जाऊन बसलो. सव्वीस वर्षांची नोकरी, बढती, पेन्शन, सगळं त्या दाढीवाल्याच्या हातात होतं.

हरिदासांनी एक बूच काढलं आणि वास घेतला.

"वास नाई येऊन राह्यला," ते म्हणाले. मग मान डोलावून, "उंची मालाले वास राहत नाई."

"तुम्हाला कसं माहीत?" साहेबांनी विचारलं. हरिदासांनी बूच परत लावलं.

चव पाहिल्याशिवाय पंचनामा होईना. बबनराव पुढे झाले, कर्तव्य म्हणून. एक घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक घेतला, खात्री म्हणून.

"कडक हाये," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते जपून पाय टाकत पारापर्यंत आले, माझ्याशेजारी बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊसाहेब, तुमी माह्याशी बोलत नाई, पन मी कोनाले काई सांगनार नाई."

तेवढ्यात रूपराव हसायला लागले. पोट धरून हसले. त्यांनी एक बाटली उचलली, पुढे जाऊन बॉनेट उघडलं आणि आख्खी बाटली गडगड रेडिएटरमध्ये रिकामी केली.

"पानी हाये साहेब हे! गाडी पानी पिते ना, तं बापूजीचा ड्रायव्हर भरून ठेवे. मालकाच्या घरच्या जुन्या बाटल्या घेतल्या असतीन, अजून काय! बारा बाटल्या, म्हंजे आर्वी ते वर्धा बरोब्बर पुरते."

म्हणजे गाडी पाणी पिते हे बापूजींना पहिल्यापासून ठाऊक होतं. माझा संशय खरा ठरल्याचं एक समाधान त्या गडबडीतही मला झालं. लोक हळूहळू पांगले. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. पंचनाम्यात हरिदासांनी लिहिलं, 'बाटल्यांत पाणी आढळले. एका पंचाने चाखले असता त्यास किंचित चढल्याचे दिसले, परंतु पाणी आहे असे सांगताच उतरले.' बबनरावांनी त्याखाली 'समक्ष' लिहून सही केली. 'स' पुन्हा जुळला.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण तालुक्याला एक पद्धत होती. निनावी अर्जाची फाइल बंद करण्याआधी फलकावर नोटीस लावायची, 'सदर अर्जदाराने हजर राहून जबाब द्यावा.' निनावी माणसानं नाव सांगायला यावं अशी ही नोटीस. अकरा वर्षांत एकही आला नव्हता. कोणी आलं नाही की फाइल सहा महिने पडून राहायची. ही पद्धत सुरू करणारा हुशार माणूस कोण, हे मी सांगायला नको.

गुरुवारी यादी जाणार होती. बुधवारी सकाळी मी जेवताना कोकिळाला म्हणालो, "संपलं. या वर्षी राहिलं. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येईल."

"तो अर्जवाला हजर झाला तं?"

"तर त्याच दिवशी निकाल. पण तो कशाला येतोय? कुठे बसून हसत असेल."

तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी नको म्हटलं तरी वाढली.

दुपारी बारा वाजता मी मान वर केली तर व्हरांड्यातल्या बाकावर, अर्जदारांच्या रांगेत, कोकिळा बसलेली. लग्नाकार्याला नेसते ते पातळ, हातात पिशवी. घरी कोणी गेलं की काय या भीतीनं मी उठलो, पण ती माझ्याकडे न पाहता सरळ साहेबांच्या खोलीत गेली. पाच मिनिटांनी मला आत बोलावलं.

साहेबांचा चेहरा सरळ होता, पण मिशी हलत होती. "लक्ष्मणराव, अर्जदार हजर झाल्या आहेत. जबाब लिहून घ्या."

"मी?"

"दुसरा कोणी मोकळा नाही."

मी बसलो. टाक हातात घेतला. डोक्यात काही शिरत नव्हतं, पण हाताला सवय होती.

"नाव?"

"कोकिळा."

"पतीचं नाव?"

तिनं पदर सावरला. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. लग्नात एकदा घेतलं, ते घेतलं.

"तुमाले माईत नाई का?" ती म्हणाली.

"मला माहीत असून चालत नाही. अर्जदारानं सांगावं लागतं."

"लिहा मंग. समोर बसून लिहून राह्यले ते."

मी साहेबांकडे पाहिलं. "तसंच लिहा," साहेब म्हणाले. मी तसंच लिहिलं.

"अर्ज तुम्हीच केला?"

"म्याच केला."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्याच. गाडी विका म्हनलं तं तुमी काय म्हना? तोंडी तक्रारीची दखल घेता येत नाई, अर्ज दे. चार डाव म्हनलं. मंग देल्ला."

"निनावी का?"

"नाव टाकलं असतं तं घरीच फाडला असता. तुमी मानसाचं ऐकत नाई, कागदाचं ऐकता. मले वाटलं, वाचान अन् गाडी काढान. सोताच्याच नावानं चौकशी लावान, हे कोनाले माईत!"

"कागद कुठून आणला?" हा प्रश्न साहेबांचा.

"घरूनच. फडताळात पडले हायेत ना असे ताव. शंभरेक असतीन."

साहेबांना खोकला आला. मी मान खाली घातली. सव्वीस वर्षांत चहा घेतला नाही हे खरं, पण ताव ऑफिसच्या कामासाठी म्हणून घरी आणलेले आणि परत नेलेले नव्हते.

"सदर इसम दारू आणतो असा तुमचा आरोप आहे का?" मी पुढचा प्रश्न घेतला.

"दारू? असं म्या कोठी लिहिलं? बाटल्या वाजतात म्हनलं. वाजतच होत्या."

मी खिशातून अर्ज काढला. दारूचं नाव खरंच कुठे नव्हतं. ते आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं होतं.

"मग तक्रार नेमकी काय आहे?" मी विचारलं.

"लिहिली हाये त्यात. वाचा."

मी मोठ्यानं वाचू लागलो. लांबलचक मोटार, डिक्की, बाटल्या, तळेगाव. पुढची ओळ होती, 'सदर इसम दर रविवारी घरी नसतो.' मी थांबलो. हा अर्ज मी चाळीस वेळा वाचला होता. या ओळीतल्या 'घ'ला बबनरावांच्या 'घ'शी ताडून पाहिलं होतं. ओळ वाचली नव्हती.

आणखी एक गोष्ट तिथे बसल्याबसल्या लक्षात आली. बावीस वर्षांच्या संसारात मी तिचं अक्षरच पाहिलेलं नव्हतं. माहेरी पत्रं ती लिहायची, पाकीट चिकटवून द्यायची, वर पत्ता मी घालायचो. जगातली सगळी पाकिटं मी उजेडाकडे धरली, ती तेवढी कधी धरली नाहीत. तो माझा विश्वास होता की मला पाहायची गरजच वाटली नव्हती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या क्षणी मात्र मला लाज वाटली. तशी तर कडुनिंबाखालीही वाटली नव्हती.

जबाबाखाली तिनं सही केली. 'हितचिंतक' लिहिलं होतं त्याच अक्षरात. मग मी माझी टिपणी लिहिली. हात सवयीनं 'मजकूर संशया' पर्यंत गेला होता, तो खोडला आणि खाली लिहिलं, 'अर्जदार माहितीतील आहेत. मजकूर खरा आहे. दारूचा संबंध नाही. सदर इसमाने रविवारी घरी राहावे.' साहेबांनी 'मान्य' लिहून सही केली आणि गुरुवारच्या यादीत माझं नाव गेलं.

संध्याकाळी मी बबनरावांच्या दारात गेलो आणि माफी मागितली. तोंडी. 'स'ची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "स तं साऱ्याईचाच असा राहते, भाऊसाहेब." खरं होतं.

रविवारी मी तळेगावला गेलो नाही. गिऱ्हाईक मिळेपर्यंत मोटार गल्लीतच राहणार होती. मी आणि कोकिळा मागच्या सीटवर बसून चहा प्यालो. बॉनेटवर मुंगवड्या वाळत होत्या. तिनंही पाय पसरून पाहिले, तिचेही पुढच्या सीटला लागले नाहीत.

"गाडी वाईट नाई," ती म्हणाली, "उभी असली तं."

सोमवारी ऑफिसला निघताना मी तिच्यापुढे एक कागद ठेवला. 'कार्यवाही पूर्ण. सदर इसम रविवारी दिवसभर घरी होता.' खाली सही, तारीख. तिनं तो वाचला, खिडकीशी नेऊन उजेडाकडे धरला आणि मागूनपुढून न्याहाळला.

"हा ताव सरकारी तं नाई ना?"

"नाही. काल दुकानातून आणला."

"पावती?"

पावती माझ्या खिशात होतीच. मी काढून दिली.